ओव्याची डबी उघडण्याआधी

बकरी ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. कुणाला करपट ढेकर येतात, कुणाचे पोट डब्ब झालेले असते, कुणाच्या पोटात मुरडा मारतो. मंगरुळपीर तालुक्यातील आमच्या गावी अशा वेळी सारा मोहल्ला माझ्या खालाच्या दारात येतो. तिच्या पितळी डब्यात ओवा, जिरे, बडीशेप, बाळंतशेपा, सुंठ, हिंग आणि काळे मीठ कायम भरलेले असते. पैसे ती कधीच घेत नाही.

भगिनींनो, तिचे उपाय साधे आहेत. जेवण जड झाले असेल तर अर्धा चमचा ओवा तव्यावर किंचित भाजून, चिमूटभर काळ्या मिठासोबत चावून खायचा आणि वर कोमट पाणी प्यायचे. पोट फुगले असेल तर एक चमचा जिरे दोन कप पाण्यात उकळून एक कप उरवायचे आणि ते घोट घोट घ्यायचे. भूक मेली असेल तर जेवणापूर्वी आल्याचा छोटा तुकडा मिठाला लावून चघळायचा. दुसऱ्या दिवशी पोटाला विसावा म्हणून ज्वारीच्या कण्या आणि पातळ ताक. ताकात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि हिंगाची चिमूट टाकायची.

हे केवळ समजुतीवर चालत आलेले नाही. ओव्याचा उग्र वास थायमॉल या द्रव्याचा असतो. ओवा, बडीशेप, पुदिना यांच्यातील सुगंधी तेलांनी आतड्यांचे आवळलेले स्नायू सैलावतात आणि अडकलेला वारा मोकळा होतो. आल्याने जठर लवकर रिकामे व्हायला मदत होते. पवित्र कुरआनच्या सूरह अद्दहरमध्ये जन्नतच्या पेयाचे वर्णन करताना आल्याचा उल्लेख आला आहे. युनानी हकीम पोटाच्या तक्रारीवर जवारिश कमूनी देतात. ‘कमून’ म्हणजे जिरे, आणि जवारिश म्हणजे पचन करणारे औषध. मात्र जवारिश साखरेच्या किंवा मधाच्या पाकात बनते. घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर हकिमांना ते आधी सांगावे.

काही बाबतीत जपायलाही हवे. छातीत जळजळ आणि आंबट पाणी येत असेल तर पुदिना, ओवा किंवा आले घेतल्याने जळजळ वाढू शकते. पुदिन्याने अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल होते आणि आम्ल वर चढते. काळे मीठ हे शेवटी मीठच आहे, आणि खायच्या सोड्यातही सोडियम असते. रक्तदाब असणाऱ्यांनी ही दोन्ही वारंवार घेऊ नयेत.

आता ज्यासाठी हा लेख लिहिते आहे, ते सांगते.

काही वर्षांपूर्वीची बकरी ईद. खालाने दिवसभर वाटे केले, पाहुण्यांचे जेवण सांभाळले आणि सगळ्यांच्या शेवटी स्वतः चार घास खाल्ले. इशानंतर तिला पोटाच्या वरच्या भागात जड वाटू लागले. “मटण बाधलं असेल,” असे म्हणत तिने ओवा चावला. तासाभराने जिऱ्याचे पाणी घेतले. मध्यरात्री सोडा घेतला. घरच्यांना उठवले नाही, कारण सगळे दमले होते. फजरला वुजू करायला बसली तेव्हा अंग घामाने भिजलेले होते आणि तिला धाप लागत होती. दवाखान्यात इसीजी काढला. डॉक्टरांनी सांगितले की हृदयविकाराचा झटका रात्रीच येऊन गेला आहे. अल्लाहच्या कृपेने ती वाचली. पण हृदयाच्या स्नायूचा जो भाग रात्रभर रक्तावाचून राहिला, तो परत पूर्वीसारखा झाला नाही. आज तिला अंगणातून विहिरीपर्यंत जाताना दोनदा थांबावे लागते.

खालाला बऱ्याच वर्षांपासून साखरेचा आजार होता. या आजारात नसा बधिर होतात, त्यामुळे झटक्याची कळ छातीत जाणवेलच असे नाही. स्त्रियांमध्येही पुष्कळदा मळमळ, पोटात जडपणा, पाठीत किंवा जबड्यात दुखणे, धाप आणि विलक्षण थकवा एवढीच लक्षणे असतात. ते अपचनच वाटते. त्यातून आपण बायका स्वतःचे दुखणे सर्वांत शेवटी मोजतो.

खालाचा डबा आजही भरलेला असतो. पण आता कुणी ओवा मागायला आले की डबा उघडण्याआधी ती तीन प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न : दुखणे फक्त पोटात आहे, की छाती, खांदा, हात, पाठ किंवा जबड्याकडेही जाते? दुसरा : सोबत थंड घाम, धाप किंवा चक्कर आहे का? तिसरा : चार पावले चालले की वाढते आणि बसले की कमी होते का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर ती ओवा देत नाही. १०८ ला फोन करायला लावते. ही रुग्णवाहिका मोफत येते. इसीजी काढून ‘फक्त गॅस होता’ असे निघाले, तर त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही.

याशिवाय काळी शौच किंवा उलटीत रक्त, पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखून ताप येणे, गिळताना घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, किंवा दोन-तीन आठवडे न थांबणारे अपचन दिसले तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

लहानग्यांबद्दलही दोन शब्द. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, ओव्याचे पाणी किंवा घुटीसुद्धा नाही. मध चांगलाच, पण एक वर्षाच्या आत तो बाळाला देऊ नये. मधातील काही जिवाणूंचे विष तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. पोट फुगले म्हणून चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा मेळघाटातून अजून गेलेली नाही. ती कुठेही, कुणाच्याही सांगण्यावरून करू नये. बाळ हिरवी उलटी करत असेल किंवा दूध ओढत नसेल तर त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. मोठ्या मुलाला जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजत राहावे.

आणि मुळात दुखणे येऊच नये म्हणून? पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवण्याची शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. तुपा-तेलात तळलेले मांस जठरात जास्त वेळ राहते, म्हणून ते रात्री उशिरा खाऊ नये आणि खाऊन लगेच आडवे होऊ नये. आमच्या वाशीम जिल्ह्यात शेतात सोयाबीन आले आणि ताटातली ज्वारीची भाकरी कमी झाली. ती आठवड्यातून चार दिवस तरी परत आणावी.

येत्या ईदला डब्यात ओवा जरूर भरून ठेवा. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून त्यावर खालाचे तीन प्रश्न आणि १०८ हा आकडा लिहा. आणि रात्री दुखले तर घरच्यांना उठवा. दमलेले असले तरी उठवा.