त्यांना हुशार मूलच लागतं

दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसलेला कुणी पकडला गेला, की आपल्याकडे मथळा ठरलेला – ‘मुन्नाभाई गजाआड’. मला हे दर वेळी खटकतं. २००३ साली आलेला तो सिनेमा आपण सहकुटुंब पाहिला, पोट धरधरून हसलो. पण आठवून बघा, मुन्नाभाई स्वतः परीक्षेला बसलाच नव्हता. त्याच्या जागी पेपर लिहिणारा होता तो हुशार डॉक्टर रुस्तम! म्हणजे पकडला जातो रुस्तम आणि नाव होतं मुन्नाभाईचं. या घोळात एक प्रश्न मात्र आपल्या नजरेतून निसटून जातो. सिनेमातल्या रुस्तमवर जबरदस्ती झाली होती. खऱ्या आयुष्यातली हुशार मुलं तिथवर पोचतात कशी?

२०२४ च्या ‘नीट’ परीक्षेचा गोंधळ बहुतेक घरांत अजून विसरलेला नाही. ५ मेला परीक्षा झाली, २३ लाखांवर मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा सगळ्या देशात मिळून सुमारे १ लाख ८ हजार, आणि सरकारी कॉलेजातल्या, म्हणजे आपल्यासारख्यांना परवडतील अशा, त्यातल्या साधारण निम्म्याच. ४ जूनला निकाल लागला, तर एकदम ६७ जणांना ७२० पैकी ७२०! वाढीव गुण, ते रद्द करणं, काहींची फेरपरीक्षा, सुप्रीम कोर्ट... टीव्हीवर महिनाभर हेच चाललं होतं. आपल्या लातुरातही जून महिन्यात शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला, तेव्हा इथल्या आयांच्या पोटात गोळाच आला.

या सगळ्या गदारोळात जुलैमधली एक बातमी मात्र दोन दिवसांत मागे पडली. झारखंडमधल्या हजारीबागच्या एका शाळेत परीक्षेच्या दिवशी सकाळीच प्रश्नपत्रिकेच्या पेटीतून पेपर काढून त्याचे फोटो घेतले गेले, असं सीबीआयच्या तपासात पुढे आलं. पण नुसता पेपर हाती येऊन काय उपयोग? दुपारी दोनला परीक्षा. तासाभरात भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे प्रश्न बिनचूक सोडवणारं कुणीतरी हवं. ते काम वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांनी केलं, असा सीबीआयचा आरोप आहे. त्यासाठी पाटण्याच्या ‘एम्स’मधले चार विद्यार्थी अटक झाले. पाठोपाठ रांचीच्या सरकारी वैद्यकीय संस्थेतली एक विद्यार्थिनी, तीही पहिल्या वर्षाची. उत्तरं पाटण्याला पोचली, तिथे जमवलेल्या परीक्षार्थींकडून ती घोकून घेतली गेली, आणि मागे उरले प्रश्नपत्रिकेचे अर्धवट जळलेले कागद.

एम्स म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. ज्या घरातलं मूल एम्सला लागतं, त्या घरावर गावात फलक लागतो, पेढे वाटले जातात. असं शिखर गाठलेली मुलं या चिखलात कशाला उतरतील, असं आपल्याला वाटतं. मला तर वाटतं, शिखरावर असतात म्हणूनच त्यांना गाठलं जातं. चोरी करायला चोर पुष्कळ मिळतात, पण तासाभरात भौतिकशास्त्र सोडवणारा चोर कुठून आणणार? या टोळ्यांना दलाल हवा, पेटी उघडणारा हवा, पैसेवाला बाप हवा, आणि या सगळ्यांच्या मध्यभागी एक लख्ख हुशार मूल हवं. ते नसेल तर फुटलेला पेपर म्हणजे रद्दी. आणि असं मूल ताज्या अभ्यासासकट सापडतं ते नामांकित कॉलेजच्या होस्टेलात.

हे काही २०२४ मध्येच सुरू झालं नाही. मध्य प्रदेशातला ‘व्यापमं’ घोटाळा २०१३ च्या जुलैत इंदुरात उघडकीला आला. तिथल्या हॉटेलांतून, दुसऱ्यांच्या जागी परीक्षेला बसायला आलेल्या मुलांना पोलिसांनी पकडलं. आसनक्रमांकांत फेरफार करून एक हुशार मूल मध्ये बसवायचं आणि त्याच्या मागेपुढे पैसे भरलेली गिऱ्हाइकं. या पद्धतीला तिथे नाव होतं ‘इंजिन-बोगी’. इंजिन म्हणून आणलेल्यांत लखनौ-कानपूरकडच्या नावाजलेल्या मेडिकल कॉलेजची मुलंही होती. शब्द किती चपखल बघा. गाडी सगळी इंजिनाच्या जोरावर चालते, पण आरामात बसून मुक्कामाला पोचतात ते बोगीतले. तसं बोगीतलेही सगळेच पोचले नाहीत म्हणा. २०१७ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने गैरमार्गाने घेतलेले ६३४ जणांचे वैद्यकीय प्रवेश रद्द केले. त्यातल्या काहींचं तर शिक्षणही पूर्ण झालं होतं.

व्यापमंचं नाव काढलं की मृत्यूंची यादी आठवते. आरोपी, साक्षीदार, संशयित... त्यांतल्या कित्येक प्रकरणांत सीबीआयला घातपाताचा पुरावा मिळाला नाही, हे मान्य. तरी ज्यांनी या प्रकाराला वाचा फोडली, त्या डॉ. आनंद राय, आशिष चतुर्वेदी यांना वर्षानुवर्षं धमक्यांच्या छायेत काढावी लागली. ग्वाल्हेरचा आशिष तर विशीतला पोरगा. तो सायकलवरून फिरायचा आणि संरक्षणाला दिलेला पोलीसही त्याच्याबरोबर, हे चित्र तेव्हा पेपरात आलं होतं. बोलणाऱ्याची ही अवस्था, तर होस्टेलच्या खोलीत गप्प बसणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला भित्रा कसं म्हणावं?

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते मात्र बनारसच्या प्रकरणाने. सप्टेंबर २०२१. सारनाथच्या एका केंद्रावर ‘नीट’ चालू असताना एक मुलगी पकडली गेली. बनारस हिंदू विद्यापीठात दंतवैद्यक शिकणारी, दुसऱ्या वर्षाची. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ती त्रिपुरातल्या एका मुलीच्या नावावर पेपर देत होती, आणि त्याबद्दल पाच लाख ठरले होते. घरची परिस्थिती बेताचीच. आणि तिच्यासोबत अटक झाली कुणाला? तिच्या आईला! टोळीने मुलीआधी आईला गाठलं होतं, असं तेव्हा सांगण्यात आलं.

खरं-खोटं कोर्ट ठरवील. पण ही बातमी वाचताना मी त्या आईचाच विचार करत होते. काबाडकष्ट करून, हौसमौज मारून लेकीला एवढ्या मोठ्या विद्यापीठात पोचवलेली बाई. तिला कुणीतरी येऊन सांगतं, तुमच्या मुलीच्या डोक्याला एका दिवसाचे पाच लाख मिळतील. ‘त्यात वाईट काय, पेपरच तर लिहायचाय.’ आपण मध्यमवर्गीय बायका लगेच नाक मुरडू. पण मुलांचे मार्क ही घराची मिळकत आहे, हे कुणी शिकवलं? क्लासच्या फीसाठी दागिना मोडला, जमिनीचा तुकडा विकला, हे आपण मुलांना उठताबसता ऐकवत असतो. ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य ऐकत वाढलेल्या मुलाला, एका रविवारात ते सगळं फेडता येईल असं कुणी सुचवलं, तर त्याच्या मनात काय होत असेल?

मुलं एका रात्रीत गळाला लागत नाहीत. आमच्या बचत गटातल्या एका वहिनींचा मुलगा सरकारी मेडिकलला आहे. दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीत घरी आला तो गप्पगप्पच. वहिनी माझ्याकडे आल्या. “ताई, पोराचं काय तरी बिनसलंय बघा. जेवत नाही नीट, फोन वाजला की दचकतो. तुमच्याशी बोलंल.”

बोलला. पण सहज नाही, तीन वेळा चहा झाला तेव्हा! म्हणाला, “काकू, आमच्या सिनियरने पहिल्यांदा फक्त एका मुलाला शिकवायला सांगितलं. फोनवर डाऊट सोडवायचे, महिन्याला चांगले पैसे.” मग एक जुना पेपर वेळ लावून सोडवायला दिला. त्याचेही पैसे मिळाले. तिसऱ्यांदा विचारणा झाली ती दोन दिवस बाहेरगावी जाण्याची. काम कसलं ते तिथे गेल्यावर कळेल, मोबाईल जमा करायचा, आणि दोन फोटो व बारावीची मूळ मार्कलिस्ट आधी द्यायची. इथे त्याला वास आला. तब्येतीचं कारण सांगून तो टळला. त्याचा खोलीतला मित्र मात्र दोन दिवस दिसला नाही. आला तो ताप आल्यासारखा पडून राहिला. कुठे गेला होतास, हे ह्याने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. सिनियर जाता-येता खांद्यावर हात टाकून एवढंच म्हणायचा, “पैसे तूपण घेतलेत हां.”

ह्या एका वाक्यात सगळी मेख आहे. शिकवणीचे पैसे घेणं हा काही गुन्हा नव्हे. पण त्या मुलाला तो गुन्ह्यातला भागीदार वाटायला लागला, आणि तोंड बंद झालं. मी त्याला काय घडलं ते तारीखवार लिहून काढायला लावलं, आणि वडलांना घेऊन अधिष्ठात्यांना भेट म्हटलं. वडील नको म्हणाले. मुलाचं वर्ष जाईल, परीक्षेत तोंडी गुण सिनियरांच्या ओळखीच्या डॉक्टरांच्या हाती, शिवाय तिथे तो एकटा. शेवटी त्याने खोली बदलून घेतली. मला ते पटलं नाही. पण जो धोका पत्करायचा होता तो त्यांच्या मुलाने, माझ्या नव्हे, म्हणून मी पुढे रेटलं नाही.

आता कायदा काय म्हणतो बघू. सार्वजनिक परीक्षांमधले गैरप्रकार रोखण्यासाठी केंद्राचा नवा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला. गैरप्रकाराला तीन ते पाच वर्षं कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, संघटित गुन्हा असेल तर पाच ते दहा वर्षं आणि किमान एक कोटी दंड. गुन्हा अजामीनपात्र. कडक आहे, हवाच होता. पण एक बारकावा आपल्या लक्षात येत नाही. परीक्षार्थी या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेत. त्यांच्यावर परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नियमांप्रमाणे कारवाई. पेपर सोडवून देणारा विद्यार्थी मात्र परीक्षार्थी नसतो, त्यामुळे तो थेट या कलमांखाली येतो. थोडक्यात, ज्याच्यासाठी पैसे मोजले गेले त्याचा प्रवेश जाईल, आणि ज्याने डोकं भाड्याने दिलं तो तुरुंगात जाईल. गुन्हा केला तर शिक्षा व्हावी, त्याबद्दल दुमत नाही. पण हे होस्टेलातल्या किती मुलांना माहीत आहे? ‘पकडलं तर काय, एक पेपर बाद होईल’ अशा समजुतीत जाणारी मुलं आहेत.

आणि दलाल? अशा टोळ्या गिऱ्हाइकाकडून मूळ प्रमाणपत्रं आणि पुढच्या तारखेचे चेक ठेवून घेतात, हे २०२१ मध्ये नागपूरच्या एका सल्ला केंद्रावर सीबीआयने गुन्हा नोंदवला तेव्हाही समोर आलं होतं. सगळ्यांच्या नाड्या त्याच्या हातात, त्याच्या नाड्या कुणाच्याच हातात नाहीत.

सुप्रीम कोर्टाने २०२४ ची परीक्षा रद्द केली नाही. हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटला हे मान्य, पण तो सर्वदूर पसरल्याचा पुरावा नाही, असं कोर्ट म्हणालं. प्रामाणिकपणे बसलेल्या लाखो मुलांचा विचार करता मला ते बरोबरच वाटतं. त्यानंतर सुधारणांची चर्चा झाली ती पेट्या, कुलपं, कॅमेरे, बोटांचे ठसे यांची. तीही हवी. होस्टेलांबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही.

मैत्रिणींनो, रॅगिंगच्या बाबतीत आपण एक गोष्ट करून दाखवली आहे. २००९ साली हिमाचलमधल्या वैद्यकीय कॉलेजात अमन काचरू या मुलाचा रॅगिंगमध्ये बळी गेला. त्यानंतर नियम आले, देशभरासाठी एक हेल्पलाइन आली, प्रवेशाच्या वेळी मुलाचं आणि पालकांचं प्रतिज्ञापत्र सुरू झालं. रॅगिंग संपलं नाही, पण तक्रार कुठे करायची हे आज पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं. ‘एक काम आहे, दोन दिवस बाहेर जायचंय’ असं सिनियर म्हणाला, तर त्याने कुणाला सांगायचं? वॉर्डनला? त्यांना सांगितलेलं नाव संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यावर होतं. मुलाचं नाव गुप्त ठेवून ऐकून घेणारं, आणि आधी घेतलेल्या शिकवणीच्या चार पैशांसाठी त्यालाच आरोपी न करणारं एक माणूस प्रत्येक वैद्यकीय कॉलेजात नेमायला काय हरकत आहे? प्रवेशाच्या त्याच प्रतिज्ञापत्रात ह्या कायद्याची दोन वाक्यं घालायला कितीसा खर्च येतो?

आमच्या अभ्यासिकेतल्या बारावीच्या मुलींच्या आयांची बैठक आम्ही निकालानंतर घेतो. आजवर तिथे होस्टेलचं जेवण, सुरक्षितता, बँकेचं कर्ज एवढंच बोलणं व्हायचं. आता त्यात आणखी एक गोष्ट घातली आहे. मूळ मार्कलिस्ट आणि फोटो प्रवेशाच्या खिडकीशिवाय कुणाच्या हातात द्यायचे नाहीत, आणि मुलीच्या खात्यात कुठून पैसे आले तर रागवायच्या आधी ते कशाचे हे विचारायचं. मागच्या बैठकीत एका आईने विचारलं, “पण ताई, घरची अडचण भागवायला आणले म्हणाली तर?” खोलीतल्या बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यावरच पुढचा तासभर बोलणं चाललं.