हलाल, पण काळंनिळं

कल्याणात मोठ्याचं मटण घेताना काळानिळा डाग दिसला की आपण कुरकुरतो. खाटीक तेवढं कापून फेकतो, विषय संपतो. तो डाग म्हणजे गाडीतला मुका मार.

२०१५ला बैल बंद झाला, उरली म्हैस. तीही दूध-पैदाशीतून बाद ठरल्याचा दाखला मिळालेली, म्हणजे म्हातारी, हाडकुळी. अंगावर चरबी नाही. शेजारणीचं शिंग थेट मांसात. भेदरलेल्या, दमलेल्या जनावराचं ग्लायकोजेन संपतं, सामू ५.५पर्यंत उतरत नाही, मांस काळपट पडतं, लवकर नासतं.

गोरक्षकांची भीती खरीच आहे. पण शिंगाळ म्हशी वेगळ्या बांधायला, काठी आवरायला कोणता गोरक्षक आडवा येतो? जनावरासमोर सुरी पाजळू नये, हे आपल्याला तोंडपाठ. हलाल काय फक्त सुरीपुरतं? पुढच्या वेळी खाटिकाला भाव विचारण्याआधी मी गाडीत किती म्हशी होत्या ते विचारणार आहे.