हाडांच्या स्कॅनमध्ये मुलांना वजनानुसारच मात्रा देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय

विषय: न्यूक्लिअर मेडिसिन विभागात बोन स्कॅनसाठी मुलांना दिली जाणारी किरणोत्सर्गी मात्रा कमी करणे व तदनुषंगिक सोयी.

संदर्भ: गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दिलेले आमचे पत्र; दिवाळीआधी आपल्या दालनात झालेली बैठक; त्यानंतरची स्मरणपत्रे. सर्वांची पोच आमच्याकडे आहे.

मा. महोदय,

आपल्या रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांचे आम्ही पालक आहोत. ऑस्टिओसार्कोमा किंवा युइंग सार्कोमा झालेल्या मुलाला निदानाच्या वेळी बोन स्कॅन लागतो, केमोनंतर पुन्हा लागू शकतो आणि पुढे दुखणे उलटल्याची शंका आली की आणखी एकदा. तो टाळा असे आम्ही म्हणत नाही, कधीच म्हटलेले नाही. दिवाळीआधीच्या बैठकीच्या इतिवृत्तात मात्र 'पालकांचा तपासणीस विरोध' असे लिहिले गेले. ती नोंद दुरुस्त करू असे त्याच आठवड्यात सांगण्यात आले होते. ती अजून तशीच आहे.

आमचे म्हणणे एकच आहे: मुलाला सुई द्यायची ती त्याच्या वजनाची द्या.

सध्याची पद्धत विभागातील सर्वांना ठाऊक आहे. मोठ्या माणसाला टेक्नेशियम-99एम एमडीपीची 20 मिलिक्युरी आणि 'लहान मुलाला अर्धी', म्हणजे 10. मूल चार वर्षांचे असो की बारा वर्षांचे, अर्धी म्हणजे अर्धीच. वजनाला 9.3 मेगाबेक्वेरल प्रति किलो हे उत्तर अमेरिकेतील तज्ज्ञांनी 2010 मध्ये एकमताने ठरवलेले सूत्र आपल्या डॉक्टरांना आम्ही सांगावे असे नाही. त्या सूत्राने 18 किलोच्या मुलाला साधारण 167 मेगाबेक्वेरल, म्हणजे साडेचार मिलिक्युरी पुरतात. युरोपच्या बालमात्रा कार्डावर हाच हिशोब केला तर आकडा याहून थोडा कमीच येतो. आपल्याकडची 10 मिलिक्युरी या सूत्रात बसते ती 40 किलो वजनाच्या मुलाला. केमो चालू असलेल्या पाच वर्षांच्या मुलाचे वजन किती असते, हे वॉर्डातल्या कोणत्याही परिचारिकेला विचारावे.

'अर्धी सुई' हा शब्द ऐकून पालकही निश्चिंत होतात, कारण अर्धे म्हणजे कमी असेच कोणालाही वाटते. प्रत्यक्षात एकाच मात्रेतून पाच वर्षांच्या मुलाच्या शरीराला बसणारा परिणामी डोस मोठ्या माणसाच्या सुमारे अडीचपट असतो. शरीर लहान, अवयव एकमेकांना खेटलेले, आणि हाडांच्या वाढीच्या टोकांशी हे औषध सर्वांत जास्त साठते. त्यामुळे 20 मिलिक्युरी घेतलेल्या मोठ्या माणसाला साधारण 4 मिलिसिव्हर्ट बसत असतील, तर 10 घेतलेल्या पाच वर्षांच्या मुलाला 5 च्या आसपास बसतात. म्हणजे अर्धी सुई घेऊन मूल बापापेक्षा जास्त किरण घेऊन घरी जाते. वजनानुसार दिले तर तोच आकडा सव्वादोनच्या जवळ येतो. एका स्कॅनमधला धोका लहान आहे हे आम्हाला मान्य आहे आणि इतर पालकांना आम्ही तसेच समजावून सांगतो. पण ही मुले एका स्कॅनवर थांबत नाहीत. त्यांना बरे करून पुढची साठ-सत्तर वर्षे जगवण्यासाठीच आपण सारे झटत आहोत. ज्या किरणांचा निदानाला काही उपयोग नाही, ते त्यांच्या अंगात का जावेत?

पहिल्या पत्राला 'वजनकाटा विभागात ठेवण्यात येईल' असे लेखी उत्तर मिळाले होते. काटा आलेला नाही. आजही वजन विचारले जाते, केले जात नाही, आणि आई सांगते तो आकडा बहुधा केमोपूर्वीचा असतो. बैठकीत 'पुढील महिन्यापासून वजनाचा तक्ता भिंतीवर लावू' असे आपल्यासमोर सांगण्यात आले. त्यानंतर कितीतरी महिने उलटले, भिंत कोरीच आहे. एक काटा आणि एक छापील कागद, यासाठी कोणती निविदा काढावी लागते हे आम्हाला खरोखर समजत नाही.

मात्रा कमी केली की चित्र दाणेदार येते, कॅमेऱ्याखाली वेळ वाढतो, मूल हलते आणि स्कॅन वाया जातो, असे विभागातून सांगितले जाते. ही अडचण आम्ही हसण्यावारी नेत नाही. दोनदा सुई देण्यापेक्षा एकदा नीट दिलेली बरी. पण लहान मुलाचे अंग कॅमेऱ्याच्या एक-दोन चौकटींतच मावते. मोठ्या माणसासारखे डोक्यापासून पायापर्यंत सरकवण्याऐवजी थांबून थांबून भाग घेतले, तर कमी मात्रेतही पुरेसे काउंट मिळतात. आईला शेजारी बसू द्या, हातपाय मऊ पट्ट्यांनी आवळून ठेवा, गोष्ट ऐकवा. मुले स्थिर राहतात, हे आपल्याच विभागातील एका जुन्या तंत्रज्ञांनी आमच्या मुलांबाबत करून दाखवले आहे. शिवाय कमी काउंटवरूनही प्रतिमा सुधारणारे सॉफ्टवेअर आपल्या गामा कॅमेऱ्यासोबतच आले होते. परवान्याचे नूतनीकरण न झाल्याने ते बंद आहे. 'प्रस्ताव वर पाठवला आहे' हे उत्तर आम्ही इतक्यांदा ऐकले की आता त्या प्रस्तावाची प्रतच मिळावी, अशी विनंती आहे.

मे 2009 मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची अणुभट्टी बंद पडली, पुढच्या वर्षी नेदरलँड्समधील पेटनचीही काही महिने थांबली आणि ज्यापासून टेक्नेशियम मिळते त्या मॉलिब्डेनम-99 चा जगभर तुटवडा झाला. तेव्हा अनेक केंद्रांनी मात्रा घटवल्या, कॅमेऱ्याखालचा वेळ थोडा वाढवला आणि रुग्णांचे स्कॅन चालू ठेवले. टंचाईत जे जमले ते मुलांसाठी ठरवून का जमू नये? कमी मात्रेची सुई हाताळताना तंत्रज्ञांच्या टीएलडी बॅजवरही कमीच नोंद होईल. हा त्यांच्याही फायद्याचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट शौचालयाची. सुईनंतर दोन ते चार तास थांबायचे, भरपूर पाणी प्यायचे आणि वारंवार लघवीला जायचे, असे प्रत्येकाला सांगितले जाते. हाडात न गेलेले औषध मूत्राशयात जमते आणि तिथल्या भिंतीला किरण देत राहते, म्हणून ते लवकर बाहेर जायला हवे. मात्रा न बदलताही डोस कमी करणारा हा एवढा सोपा उपाय. पण सुई दिलेल्या रुग्णांसाठीचे स्वतंत्र शौचालय कुलूपबंद आहे आणि प्रतीक्षा कक्षातील पाण्याचे यंत्र कोरडे आहे. मुले लघवी दाबून बसतात, कारण दुसरे शौचालय जिना उतरून आहे आणि इतर रुग्णांत मिसळू नका असेही त्यांना बजावलेले असते. लंगडणाऱ्या, पायाला प्लास्टर असलेल्या मुलाने काय करावे? कपड्याला लघवी लागली की तो डाग स्कॅनमध्ये हाडावरच्या गाठीसारखा दिसू शकतो, मग पुन्हा चित्रे घ्यावी लागतात. 'आठ दिवसांत नळ दुरुस्त होईल' हे आश्वासन पावसाळ्यातले आहे.

याखेरीज, दिलेली मात्रा व मुलाचे वजन प्रत्येक अहवालावर छापावे. स्पेक्ट-सीटी लागल्यास सीटी शंका असलेल्या भागापुरतीच व कमी मात्रेची असावी. स्तनदा व गर्भवती महिलांसाठीची सूचना मराठीत लावावी.

वजनकाटा, तक्ता आणि शौचालय यांना मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. आपली सही पुरते. या तिन्हींबाबत पंधरा दिवसांत तारखांसह लेखी उत्तर द्यावे. सॉफ्टवेअरबाबत विभागप्रमुख व विकिरण सुरक्षा अधिकारी यांच्यासमवेत बैठक लावावी व तिचे इतिवृत्त सही करण्यापूर्वी आम्हाला वाचायला द्यावे. मुदतीत उत्तर न आल्यास हेच निवेदन, आजवरच्या सर्व पोचपावत्यांसह, अणुऊर्जा नियामक मंडळाकडे पाठवण्याचे पालकांच्या सभेत ठरले आहे.

दरम्यान ज्या मुलांचे स्कॅन ठरले आहेत, त्यांना विभागात आणताना बालरोग वॉर्डातून त्या सकाळचे वजन कागदावर लिहून घेऊन आम्ही स्वतः येऊ. मात्रा त्यावरून काढली जावी.

आपले विश्वासू,
उपचाराधीन मुलांचे पालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी: विभागप्रमुख, न्यूक्लिअर मेडिसिन, विभागप्रमुख, बालरोग, विकिरण सुरक्षा अधिकारी