मागच्या सीटवरचा रस्ता

लहान गाडीत मागे बसणाऱ्याला रस्त्याची जेवढी खडान्‌खडा माहिती असते, तेवढी तो रस्ता करणाऱ्यालाही नसेल. पुढचे दोघे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या अधेमधे बसतात, त्यामुळे दणका त्यांच्यापर्यंत येईतो थोडा विरतो. मागचा माणूस जवळजवळ मागच्या चाकांवरच बसलेला. आमच्याकडे ही जागा सासूबाईंची. पाचवडला हायवे सोडून वाईकडे वळलं की त्या खड्डा यायच्या आधीच दारावरचा दांडा धरतात आणि उतरताना म्हणतात, "अगं, गाडी चांगलीये तुझी, पण हाडं मोजून घेते."

हे वाक्य चारचौघांत निघालं की सल्ले सुरू. धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, ही काढून टाका आणि उंच गाडी घ्या." शेजारच्या कॉलेजकुमाराचा भरवसा अलॉय व्हीलवर आणि रुंद टायरवर. ॲक्सेसरीच्या दुकानात स्प्रिंगमध्ये बसवायचे रबरी बफर टांगलेले आहेत, पंपावर नायट्रोजन आहे. प्रत्येकाला गाडीला काहीतरी जोडायचंय. माझं म्हणणं असं की काहीही जोडण्याआधी, कारखान्यातून येताना गाडीत होता तो मऊपणा कुठे कुठे हरवलाय ते बघावं. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. आणि जे भागत नाही, ते पैसे टाकूनही फारसं भागत नाही.

का भागत नाही, ते आधी सांगते. लहान गाडी स्वस्त असते म्हणून आदळते असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं. मोठी अडचण वजनाची आहे. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० घ्या. गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. तिच्यात पासष्ट-पासष्ट किलोची पाच माणसं बसली की झाले सव्वातीनशे किलो, म्हणजे गाडीच्या वजनाच्या निम्मे. (आणि आपल्याकडे पाचावर थांबतं कोण? मांडीवरची मुलं धरलेलीच नाहीत.) दीड टनाच्या सेडानला तीच माणसं पाव वजनालाही भरत नाहीत. आता स्प्रिंग निवडणाऱ्या इंजिनिअरच्या जागी बसून बघा. स्प्रिंग मऊ ठेवली तर पाच माणसांनी आणि डिकीतल्या तांदळाच्या पोत्यानं गाडीचं बूड रस्त्याला टेकेल. म्हणून तो मागची स्प्रिंग भरलेल्या गाडीच्या हिशेबानं कडक ठेवतो. आपण मात्र वर्षातले बहुतेक दिवस एकटे किंवा दुकटे फिरतो आणि ती कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीला उडवत राहते. लहान गाडी माणसांनी भरली की हायवेवर एकदम शहाण्यासारखी चालते, हे बऱ्याच जणांना जाणवलेलं असतं. त्याचं कारण हेच.

दुसरी अडचण लांबीची. अँबॅसिडरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २४६४ मिलिमीटर अंतर होतं, मारुती ८०० मध्ये २१७५. अंतर कमी, म्हणून पुढचं चाक उंचवट्यावरून उतरतंय तोवर मागचं चढायला लागतं आणि गाडी पुढे-मागे डुलते. शिवाय चाक बारा इंची रिमचं. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून तरंगत जातं, त्यात लहान चाक खोल उतरतं आणि पलीकडच्या काठावर आपटतं. अँबॅसिडरला मागे पाटेच होते, तंत्रात नवलाचं काही नव्हतं. पण चाकं पंधरा इंची रिमची आणि गाडी अकराशे किलोंच्या पुढची. आमच्या वडिलांच्या पिढीला तिची जी आठवण येते, तिच्यात या आकड्यांचा वाटा मोठा आहे. उरलेला वाटा त्या वेळच्या वेगाचा.

लहान गाडी मऊ करताच येत नाही असं मात्र नाही. सित्रोएन या फ्रेंच कंपनीचे प्रमुख पिएर-ज्यूल बुलांजे यांनी १९३० च्या दशकात आपल्या इंजिनिअरांपुढे अट ठेवली होती: दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे वाहील अशी गाडी करा, आणि अंड्यांची टोपली ठेवून ती नांगरलेल्या शेतातून नेली तर अंडं फुटता कामा नये. मध्ये महायुद्ध आलं. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती गाडी लोकांनी पाहिली, तिचं नाव २ सीव्ही. वजनानं पाचशे किलोंच्या आसपास. प्रत्येक बाजूचं पुढचं आणि मागचं चाक गाडीखालच्या एकाच स्प्रिंगच्या नळकांड्याला जोडलेलं होतं, त्यामुळे पुढच्या चाकाला बसलेल्या धक्क्याची खबर मागच्या चाकाला आधीच लागायची आणि गाडी डुलण्याऐवजी सपाट राहायची. चाकांना वर-खाली व्हायला जागाही भरपूर ठेवली होती. मग सगळ्यांनी तेच का नाही केलं? कारण वळणावर ती गाडी अशी काही कलायची की बघणाऱ्याच्याच पोटात गोळा यावा. मऊपणाची किंमत कुठेतरी मोजावीच लागते. आजच्या हॅचबॅकला एक्स्प्रेस-वेवर शंभरानं धावायचंय, डिकी मोठी हवी आणि किमतीत बसायचंय. म्हणून बहुतेकींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे पीळ खाणारा आडवा बीम असतो. बीम जागा कमी खातो, पण एका चाकाचा धक्का थोडा दुसऱ्याकडेही पोचवतो. पुण्यात घडलेल्या टाटा इंडिकाला मागची दोन्ही चाकं स्वतंत्र होती. टॅक्सीवाल्यांच्या पसंतीला डिझेलचा खर्च कारण होताच, पण मागे बसणाऱ्या गिऱ्हाइकांची तक्रार कमी, हेही असणार असं मला वाटतं.

आता आपल्या हातातलं. पहिली हवा. फुकट आहे, म्हणून कोणी मनावर घेत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं कमी असताना किती हवा आणि गाडी भरली असताना किती, हे त्यावर वेगवेगळं लिहिलेलं असतं. पंपावरचा मुलगा विचारतो, "किती टाकू?" आपण म्हणतो, "टाक पस्तीस." तीसच्या जागी छत्तीस पाउंड हवा भरली तर ती वीस टक्के जास्त झाली, आणि टायर ही गाडीची सगळ्यात पहिली स्प्रिंग आहे. रस्त्यावरचे बारीकसारीक खडे, पेव्हर ब्लॉकच्या फटी, उखडलेलं डांबर हे सगळं खरं तर टायरनंच गिळायचं असतं. ते वरच्या स्प्रिंगपर्यंत जायचं कामच नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. लांबून धावत आलेल्या टायरमधला आकडा चढलेला असतो. नायट्रोजनबद्दल एवढंच सांगते की साध्या हवेत तो अठ्ठ्याहत्तर टक्के असतोच. टाका हवा तर, पण कमरेला फरक कळणार नाही.

मग टायर. त्याच्या कडेवर चार आकडे छापलेले असतात. ३२१९ असेल तर तो २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं, आणि कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. शेजारच्या कॉलेजकुमाराच्या अलॉयचंही गणित मांडून बघू. १६५/८० आर १४ या टायरची भिंत, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची, १३२ मिलिमीटर. तेवढ्याच उंचीचं चाक सोळा इंची रिमवर हवं तर टायर येतो १९५/५५, त्याची भिंत १०७. दणका झेलणारी पंचवीस मिलिमीटर गादी आपण पैसे देऊन काढून टाकली. गाडी दिसते मात्र झकास, ते मी नाकारत नाही. मोठी रिम आणि रुंद टायर बहुधा जडही असतात. स्प्रिंगच्या खाली जेवढं वजन जास्त, तेवढी चाकाची उडी आवरणं कठीण.

स्प्रिंगमध्ये घालायचे बफर हा तर माझा रागाचा विषय आहे. दोन वेढ्यांमध्ये रबराचं कडं अडकवलं की ते वेढे दबायचे थांबतात, म्हणजे उरलेली स्प्रिंग आखूड आणि अधिक कडक होते. गाडी बोटभर उचलली जाते, स्पीडब्रेकरला खाली घासत नाही, आणि गिऱ्हाईक खूश होऊन "फरक पडला" म्हणतं. पडलेला असतोच, उलट्या दिशेला. बाहेरून सीएनजी बसवून घेतल्यावर डिकीत पन्नास-साठ किलोची टाकी कायमची येऊन बसते आणि गाडी मागून दबते, तिथे या बफरांना काही अर्थ आहे. पण तिथेही वजनाला साजेशी स्प्रिंग मिळाली तर ती बरी.

राहिला गॅरेजचा भाग, आणि खरी गंमत इथेच आहे. पुढून खडखड येत होती म्हणून एका सर्व्हिस सेंटरात दाखवलं, तर त्यांनी चारही शॉकअप बदलायचा अंदाजपत्रकी कागद हातात दिला. तो घेऊन मी आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेले. त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही. बॉनेटचा एक कोपरा जोरात दाबला आणि सोडला. गाडी वर आली आणि तिथेच थांबली. "मॅडम, शॉकअप गेला असता तर ही अजून नाचत असती." स्प्रिंग दबते आणि उसळते, ती उसळी तेलाच्या अडथळ्यानं जिरवणं, हे शॉकअपचं काम. तेल गळून नळी ओली दिसायला लागली, किंवा खड्डा मागे पडल्यावरही गाडी झुलत राहिली, की तो गेला. तेव्हा बदलावा, आणि जोडीनं बदलावा.

मग त्यांनी गाडी उचलून लोअर आर्मच्या खाली टॉमी घातली. बुशाचं रबर फाटलेलं होतं आणि आर्म मागे-पुढे होत होता. लिंक रॉडच्या गोट्या ढिल्या. स्ट्रटच्या डोक्यावरचं रबरी माउंटिंग बसलेलं. मागच्या बंप स्टॉपचे तर तुकडेच उरले होते, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबली की लोखंडावर लोखंड. सासूबाईंना बसणारा तो "थाड" इथला होता. लहान गाडीत लोखंड फारसं झिजत नाही. झिजतं ते लोखंड आणि लोखंडाच्या मधलं रबर. प्रत्येक तुकडा शॉकअपच्या मानानं स्वस्त, पण बदलायची मजुरी आणि चिकाटी जास्त. त्यामुळे त्याची शिफारस कमी होत असावी, असा माझा संशय.

काकांनी एक गोष्ट मला मुद्दाम वाकून बघायला लावली. नवा बुश घातल्यावर त्यांनी बोल्ट नुसता अडकवून ठेवला, गाडी खाली उतरवली, चाकांवर वजन येऊ दिलं आणि मग बोल्ट आवळला. गाडी हवेत लटकत असताना आर्म खाली झुकलेला असतो. त्याच स्थितीत बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर येताच बुशाचं रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी कडक लागते, आणि बुश वर्ष-दोन वर्षांत पुन्हा फाटतो. "घाईत असलेला पोरगा वरच आवळतो," काका म्हणाले, "आणि मग लोक म्हणतात माल खराब." शेवटी अलाइनमेंट, हे काम झाल्यावर ती टाळायची नाही.

सीटबद्दल थोडक्यात. फोम बसला असेल तर सीटवाल्याकडून तो बदलून घ्यावा. वर जाड उशी टाकू नये. डोकं छताला लागतं आणि पट्टा पोटावर नको तिथे येतो.

एवढं सगळं करूनही उरतात ते गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शक सूचनांत गोल उंचवट्याचं माप दिलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, ताशी पंचवीस किलोमीटरनं सुखरूप ओलांडता यावा असा. आमच्या कॉलनीतला गतिरोधक उंचीला त्याच्या बरोबरीचा आहे आणि रुंदीला जेमतेम हातभर. त्याला कुठलंही सस्पेन्शन पुरं पडायचं नाही. बरेच जण तो तिरका ओलांडतात. खालून घासणाऱ्या गाडीला ते ठीक, पण एकेक चाक वेगळं चढतं आणि मागे बसलेल्याचं डोकं काचेकडे जातं. सरळच जावं, हळू जावं. आणि खड्डा चुकवता येत नसेल तर ब्रेक त्याच्या आधी मारून खड्ड्यात शिरताना सोडून द्यावा. दाबून धरलेल्या ब्रेकनं पुढच्या स्प्रिंगा आधीच दबलेल्या असतात, त्यांच्याकडे दणका घ्यायला जागा उरत नाही. हे मी धाकट्या दिरांनाही सांगून पाहिलं. "वहिनी," ते म्हणाले, "उंच गाडीत याचा विचारच करावा लागत नाही." त्यांच्या उंच गाडीला सतरा इंची अलॉय आहेत. सासूबाई तिच्यात एकदा बसल्या, आणि परतीला माझ्या गाडीत आल्या.