मागून येतोय तो आवाज कुणाचा?

नवी गाडी बिघडली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. जुनी गाडी बिघडली की ती बोलायला लागते. प्रॉब्लेम एवढाच, की मागच्या बाजूला 'घूंऽऽऽ' झालं काय, 'टक्' झालं काय, आपल्याला सगळं सारखंच ऐकू येतं. मग आपण काय करतो? एफएमचा आवाज वाढवतो! आणि तेही जमलं नाही, तर गॅरेजवाल्यापुढे मान डोलवून पाकीट काढतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत जुन्या पद्मिनी घराघरांतून बाहेर निघताहेत. कुणाला आजोबांची मिळते, कुणी हौसेने विकत घेतो. बॉस, ही गाडी आपल्याच मातीतली आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 निघायच्या. 1970च्या दशकात त्याच गाडीची 'पद्मिनी' झाली. आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर? तेही याच माणसाच्या नावाचं, साखर कारखान्याभोवती वसलेलं. शतक बदलताना पद्मिनीचं उत्पादन थांबलं, ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही गेली. म्हणजे आता जी उरली ती हौशी मंडळींच्या दारात.

त्यातलीच एक आमच्या एका आयटीवाल्या मित्राकडे आहे. वडिलांची गाडी, इंदापूरला शेडमध्ये पाच वर्षं उभी. पुण्यात आणली आणि साठच्या पुढे गेली की मागची सीट थरथरायला लागली. शिवाय पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून 'टक्'. पुण्यातल्या एका गॅरेजने न ऐकताच सांगून टाकलं, 'अख्खं हाऊसिंग बदला.' म्हणजे डिफरेन्शियलसकट मागचा पूर्ण एक्सल! खर्चाचा आकडा ऐकून घरात गाडी भंगारात द्यायची भाषा सुरू झाली. वडील काहीच बोलले नाहीत, हे त्याला जास्त लागलं.

शेवटी सुट्टीत तो गाडी घेऊन हळूहळू बारामतीला गेला, एका जुन्या मिस्त्रींकडे. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं नाही, खालीही वाकले नाहीत. एकच प्रश्न.

"आवाज कवा येतो दादा? दाबल्यावर, का सोडल्यावर?"

मित्र गप्प. चार महिने आवाज ऐकत होता, पण हे काही त्याने बघितलं नव्हतं. "मग चला," म्हणाले मिस्त्री, आणि निघाले काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे करत इंदापूरच्या रस्त्याने.

आता ही टेस्ट नीट वाचा, कारण तुम्हीही करू शकता. पण आधी डिकी रिकामी करा. जॅक, पाने, स्टेपनी, सगळं. अर्धे 'भयानक' आवाज जॅकचे असतात, हसू नका! सायलेन्सरचा पाइप हलवून बघा, रबराचा हँगर तुटला की तो बॉडीवर आपटतो. गाडी बरेच महिने उभी असेल, तर टायर एका जागी चपटे होतात आणि पहिले काही किलोमीटर धडधडतात. टायर गरम झाल्यावर ती थांबली तर ठीक. नाही थांबली तर टायरच्या कडेचे चार आकडे वाचा, शेवटचे दोन म्हणजे वर्ष. नक्षी कितीही खोल दिसू दे, जुना टायर तो जुनाच.

मग सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर साठचा वेग घ्या. (उसाचा हंगाम टाळा. ट्रॉल्यांच्या रांगेत कसली टेस्ट होतेय!) थरथर सुरू झाली की क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी नुसती वाहू द्या. चावी मात्र अजिबात बंद करायची नाही, स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. इंजिन आयडलवर आलं आणि थरथरही गेली, तर संशय इंजिन, क्लच किंवा सायलेन्सरवर. तशीच राहिली, तर दोषी फिरणाऱ्या भागांत: चाकं, बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्ट, हाऊसिंग.

मित्राच्या गाडीत ती राहिली. इथे मिस्त्रींनी सीटवर हात ठेवला आणि म्हणाले, "चाक नाय. बारीक हाय." यात शुद्ध गणित आहे. ताशी 60 वेगाला पद्मिनीचं चाक सेकंदाला साधारण 9 फेऱ्या घेतं. शाफ्ट त्याच्या चौपट फिरतो, म्हणजे 35-40. चाकाचा दोष असेल तर गाडी हलते, डुलते. शाफ्टचा असेल तर सीट मोबाइल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखी झिणझिणते. हातालाच कळतं, मशिन लागत नाही.

मग दाबल्यावर-सोडल्यावरचा प्रश्न. ॲक्सिलेटर दाबल्यावर 'कूंऽऽ' वाढतो आणि सोडल्यावर बदलतो, तर क्राऊन-पिनियन किंवा पिनियनचं बेअरिंग. दाबा-सोडा काही करा, घरघर तशीच, पण गाडी हलकेच डावी-उजवीकडे वळवली की कमी-जास्त होते? व्हील बेअरिंग. सहसा उजवीकडे वळताना वाढली तर डाव्या चाकाचं, कारण वजन बाहेरच्या चाकावर जातं. थांबल्यावर दोन्ही मागच्या ड्रमजवळ हात नेऊन बघा, थेट चिकटवू नका. एक जास्त तापला असेल तर बेअरिंग, नाहीतर धरलेला ब्रेक. गाडी उचलताना 'टक्', रिव्हर्सला 'टक्', आणि हळू चालताना चिमणीसारखं चिवचिव? शाफ्टच्या जॉइंटमधला क्रॉस सुकलाय. खड्ड्यात 'खडाक्' होत असेल तर पाट्यांचे बुश, शॅकल आणि यू-बोल्ट बघा. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला की एक्सल जागचा सरकतो आणि गाडी तिरकी धावते.

जंक्शनला चहा झाला, परत बारामतीत गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जायचं नाही, आणि हँडब्रेकवर भिस्त न ठेवता पुढच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे. मिस्त्रींनी शाफ्ट हाताने पिळून दाखवला. पुढचा क्रॉस चक्क खडखडत होता, कपाच्या कडेने तांबूस भुकटी. आतल्या सुया गंजून पीठ झालेल्या. हा पुढचा जॉइंट धावत्या गाडीत सुटला असता, तर शाफ्टचं तोंड रस्त्यावर पडून खड्ड्यात रुतलं असतं. त्या गाडीतून त्याने महिनाभर बायको-मुलीला फिरवलं होतं.

खर्च? दोन क्रॉस, मजुरी आणि हाऊसिंगचं ऑइल. पुण्याच्या आकड्यापुढे चहापाणीच म्हणा. मात्र मिस्त्रींची एक गोष्ट लक्षात ठेवा: शाफ्ट खोलण्याआधी त्यांनी दोन्ही फ्लँजवर पंचने खूण मारली. होता तसाच परत बसवला नाही, तर बॅलन्स बिघडू शकतो आणि नव्या क्रॉससकट थरथर परत येते. तुमच्या गॅरेजवाल्याने खूण न करताच पाना लावला, तर तिथेच हात धरा. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या सेंटर बेअरिंगचं रबरही त्याच वेळी बघून घ्या.

गाडी आता ऐंशीला गुळगुळीत जाते. दाबल्यावर थोडी 'कूं' उरली आहे, ती क्राऊन-पिनियनची. "काढू का?" मित्राने विचारलं. मिस्त्री म्हणाले, "दात एकमेकांला घासून बसलेत. उगं सोडवू नका. ऑइलची लेव्हल बघत ऱ्हावा, पिनियनच्या सीलातनं गळतंय का बघा. आवाज वाढला, तर या." पुढच्या महिन्यात वडिलांना घेऊन तो इंदापूरला जाणार आहे. गाडी वडील चालवणार, असं ठरलंय म्हणे.