इंग्रजी येणाऱ्यांसाठीही वर्ग हवा

मंडळाच्या शनिवारच्या इंग्रजी वर्गाला कोण येतं? सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा, नाहीतर नुकतीच लग्न होऊन आलेली एखादी मुलगी. आयटीतली मंडळी त्यांना दारात सोडतात आणि गाडी वळवून निघून जातात. त्यांना काय, इंग्रजी येतंच. माझं म्हणणं, त्यांनीच गाडी लावून आत यावं.

जेनी थॉमस या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली एक मुद्दा मांडला होता. व्याकरण चुकलं तर ऐकणारा सांभाळून घेतो. बिचाऱ्याला भाषा येत नाही, एवढंच म्हणतो. पण फाडफाड बोलणाऱ्याची बोलण्याची रीत चुकली, तर खापर भाषेवर फुटत नाही. माणूसच उद्धट ठरतो. इंग्रजी जितकं सफाईदार, तितकी सवलत कमी.

इथल्या ऑफिसात मॅनेजर म्हणतो, "यू माइट वॉन्ट टू हॅव अ लुक ॲट धिस." आपला माणूस ठरवतो, सवड मिळाली की बघू. खरं तर ते काम सांगितलेलं असतं. उलट आपला माणूस "आय विल ट्राय" म्हणतो, तेव्हा शुक्रवारपर्यंत हे जमायचं नाही, असं त्याला सुचवायचं असतं. मॅनेजर तो होकार धरतो. शुक्रवारी दोघंही एकमेकांना बेभरवशाचे वाटतात, आणि वाक्यांत तर काडीची चूक नाही!

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. वाक्याला वाक्य बसलं, पण ते कुणी, कुणाला, कशासाठी म्हणायचं हे राहून गेलं. मराठीत "द्या" म्हटलं की आदर क्रियापदातच येतो. इंग्रजीत ती सोय नाही, म्हणून "कुड यू", "आय वॉज वंडरिंग" अशी वळणं घ्यावी लागतात. दवाखान्यात फोन करून काका "आय वॉन्ट अपॉइंटमेंट टुमॉरो" म्हणतात आणि पलीकडचा आवाज कोरडा होतो. गंमत म्हणजे मराठीत हेच काका "उद्याची वेळ हवी होती" म्हणाले असते. भूतकाळ वापरून मागणी मऊ करायची युक्ती त्यांना पाठ आहे. ती इंग्रजीतही चालते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, इतकंच.

कुणी म्हणेल, इथे राहिलं की हे आपोआप येतं. थोडंफार येतं. बार्डोवी-हार्लिग आणि डर्न्येई यांच्या १९९८ च्या अभ्यासात हंगेरीत इंग्रजी शिकणाऱ्यांना व्याकरणाच्या चुका जास्त गंभीर वाटल्या, तर अमेरिकेत राहून शिकणाऱ्यांना रीतीच्या. पण चूक दिसणं वेगळं आणि आपली चूक आपल्याला कळणं वेगळं. उच्चार चुकला तर सहकारी हसून दुरुस्त करेल. "तू आत्ता उर्मट वाटलास" असं तोंडावर कोण सांगतं?

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: ही साहेबाची हांजी हांजी झाली. त्यावर भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी नोंदवलेला प्रसंग आठवतो. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी-कॅन्टीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढायला होत्या. त्या "ग्रेव्ही" हा शब्द स्वर खाली उतरवत म्हणायच्या. इंग्रजांच्या कानाला ते "ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या" असं ऐकू यायचं, कारण विचारताना त्यांचा स्वर वर जातो. बायकांना वाटे, आपल्याशी भेदभाव होतोय. (भेदभाव त्या काळी होताच, सगळं खापर स्वरावर फोडू नये.) पण ध्वनिमुद्रण ऐकवून दोन्ही बाजूंशी चर्चा झाली, तेव्हा गाठ सैल झाली. कारण कळल्यावर स्वर बदलायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. न कळता बदनाम होण्यात कसला आलाय स्वाभिमान?

म्हणून कार्यकारिणीला सुचवतो: महिन्यातला एक शनिवार नोकरदारांसाठी ठेवा. प्रत्येकाने आपली एक खरीखुरी ईमेल, नावं खोडून, आणावी. आणि दोन-चार इंग्रज सहकाऱ्यांनाही बोलवा. "आय विल ट्राय" म्हणजे काय, हे त्यांनाही कुणीतरी शिकवायला हवंच.