जीपमधला दक्षिणद्वार

नृसिंहवाडीहून आठवीतल्या एका वाचकाचं कार्ड आलंय. 'नाव छापू नका' असं त्याने तळाशी दोनदा रेघ मारून लिहिलंय, म्हणून छापत नाही. त्याच्या वडिलांची जुनी, कापडी हूडची जीप आहे. वाडीतले पेढे आणि कवठाची बर्फी ते जयसिंगपूर, इचलकरंजीच्या दुकानांत पोचवतात. मागच्या आषाढात जीपच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातली दोन खोकी भिजली, पेढ्यांचा लगदा झाला आणि दुकानदाराने सगळा माल परत पाठवला. हूडवाला म्हणतो, नवीन हूड घाला. वडील म्हणतात, यंदा जमायचं नाही. आणि वर्गातली मुलं म्हणतात, "वाडीत दक्षिणद्वार पूर आला तरच होतो, तुमच्या जीपमध्ये रोज!" शेवटी प्रश्न एवढाच : हूडला भोक तर कुठंच दिसत नाही, मग पाणी येतं कुठून?

मुलांचा टोमणा मला मात्र आवडला. त्यात अर्धं उत्तर दडलंय. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी कोपरा बघू. दोस्तांनो, गळणाऱ्या गाडीबद्दल पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची : थेंब जिथे पडतो तिथेच पाणी आत शिरतं, असं मुळीच नाही. खरं वाटत नसेल तर घरी करून बघा. जाडसर सुती दोरा हातभर घ्या आणि पाण्यात चांगला भिजवा. एक टोक पाण्याने भरलेल्या मगाच्या कानाला बांधून दोरा मगाच्या तोंडावरून बाहेर घ्या. दुसरं टोक खाली ठेवलेल्या रिकाम्या पेल्यात बोटाने दाबून धरा. मग वर उचला, दोरा तिरका ताणलेला राहू द्या, आणि हळूहळू पाणी ओता. पाणी सरळ खाली न पडता दोऱ्याला धरून तिरकं चालत जातं आणि पेल्यात उतरतं. दोरा कोरडा असला तर ही गंमत होत नाही, आईची फरशी तेवढी ओली होते. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात आणि ओल्या दोऱ्यालाही धरून असतात, म्हणून ही वारी घडते.

जीपच्या हूडखाली लोखंडी पाइपच्या कमानी असतात. त्या म्हणजे हेच दोरे. समोरच्या काचेच्या वर, जिथे हूड चौकटीला अडकवलेलं असतं, तिथे पाणी आत शिरलं, तर ते लगेच ड्रायव्हरच्या डोक्यावर पडेलच असं नाही. ते पाइपच्या पोटाला चिकटून मागे सरकतं. वाटेत एखादा वाक, वेल्डिंगचा गोळा किंवा बांधलेली नाडी भेटली की तिथे हात सोडतं. खाली नेमकी पेढ्यांची खोकी! हूडवर त्या कोपऱ्यात भोक शोधत बसलं तर जन्मात सापडणार नाही.

याची सोपी परीक्षा आहे. वडिलांना सांगून जीप चढावर अशी उभी करा की तोंड खाली आणि पाठ वर. थोडं पाणी मारा. मग तोंड वर, पाठ खाली करून पुन्हा मारा. उतार बदलल्यावर थेंबाची जागाही बदलली, तर पाणी कुठून तरी चालत येतंय. जागा तीच राहिली, तर भोक वरच, जवळपास आहे.

आता खरी शोधाशोध. तिला दोन माणसं आणि एक सुट्टीचा दिवस लागतो. घाई चालत नाही. आधी मॅट, सीट, खोकी, सगळं बाहेर काढायचं. तळ कोरडा पुसायचा आणि त्यावर जुनी वर्तमानपत्रं अंथरायची. कागदावर पडलेला पहिला थेंब लगेच दिसतो, पत्र्यावर दिसत नाही. लहान मंडळींनी आत बसायचं, हातात बॅटरी आणि खडू. (दाराला कुलूप लावायचं नाही आणि किल्ली गाडीत ठेवायची नाही, हे मोठ्यांनी बघावं.) बाहेरच्याने पाण्याची नळी धरायची. पण जोर नको, साधी धार हवी. जोरात फवारलं तर चांगल्या जागेतूनही पाणी घुसतं आणि आपण भलत्याच ठिकाणी ठिगळ लावून बसतो.

सुरुवात खालून करायची. हे बहुतेकांना उलटं वाटतं, पाऊस तर वरून येतो! पण वरून सुरुवात केली की पाणी ओघळत सगळ्याच फटींवरून जातं आणि आत थेंब आला तरी तो कुठल्या फटीचा हे कळत नाही. म्हणून आधी दाराचा खालचा भाग. पाच मिनिटं तिथेच धार. आतून "काही नाही" असं ओरडून आलं की वीतभर वर. मग दाराची कड, मग काचेच्या चौकटीचा पाया, मग हूडची शिवण, आणि टप सगळ्यात शेवटी. जिथे धार असताना आत पाणी दिसेल तिथे खडूची खूण करायची आणि पाइपवरून उलट दिशेने, थेंबाकडून उगमाकडे, बॅटरी फिरवत जायचं. कोरड्या पाइपवर पाण्याची ओली रेघ स्पष्ट दिसते.

कार्डावरच्या वर्णनावरून माझा संशय काचेच्या चौकटीवर आहे. जुन्या जीपची समोरची काच चौकटीसकट पुढे बॉनेटवर पाडता येते. म्हणजे ती चौकट गाडीला एकजीव नसते, बिजागरीवर उभी असते. तिच्या पायाशी रबराची पट्टी असते आणि वर हूड अडकवायची खाच. ऊन खाऊन रबर कडक झालं, त्याला चिरा गेल्या, की पायातून येणारं पाणी पायावर आणि वरच्या खाचेतून येणारं पाणी पाइपवर. रबर तपासायला महागडं यंत्र लागत नाही. वहीच्या कागदाची पट्टी दोन भागांमध्ये ठेवून चाप लावा आणि पट्टी ओढा. अडून आली तर रबर दाबून बसतंय. सुळकन सुटली तर तिथे फट आहे. दाराच्या रबरालाही हीच युक्ती. किंवा रबरावर अंगाला लावायची पावडर भुरभुरवा, दार लावा, उघडा. समोरच्या पत्र्यावर पांढरी रेघ उमटते. जिथे ती तुटलेली असेल तिथे रबर टेकतच नाही.

काचा पूर्ण बंद होणारी गाडी असेल तर पंक्चरवाल्याची विद्या वापरता येते. तो ट्यूबमध्ये हवा भरून घमेल्यात बुडवतो, भोकातून बुडबुडे येतात. गाडी घमेल्यात मावत नाही, म्हणून उलटं करायचं : मोठ्यांनी आतला पंखा बाहेरची हवा घेईल असा जोरात लावायचा, सगळी दारं-काचा बंद करायच्या आणि बाहेरून कडांना साबणाचं पाणी लावायचं. फट असेल तिथे फेस फुगतो. जीपला ही विद्या लागू नाही, तिची हवा शंभर ठिकाणांहून निघून जाते.

एक चोर मात्र नळीने सापडत नाही. गाडी उभी असताना एक थेंब नाही आणि धावायला लागली की धार. धावताना टपावरून वारा वेगाने वाहतो, तिथला हवेचा दाब कमी होतो आणि हूड पुरीसारखं वर फुगतं. पुढची कड किंचित उचलली जाते आणि समोरून आपटणारं पावसाचं पाणी त्या फटीत ढकललं जातं. यावर उपाय ठिगळाचा नाही, पट्टे ताणण्याचा आहे. वडील चालवताना शेजारी बसून हूड कुठे फडफडतं तेवढं बघ.

आता कापडाबद्दल. सुती कॅनव्हास भिजलं की त्याचे धागे फुगतात आणि विणीतली भोकं आवळली जातात. म्हणून चांगलं कॅनव्हास पहिल्या सरीला थोडं पाझरतं आणि मग गप्प बसतं. पण पाऊस चालू असताना आतून त्याला बोट लावू नका. भोकाशी पाण्याचा ताणलेला पडदा असतो, तो बोटाने मोडतो आणि नेमकी तिथे गळती सुरू होते. शिवणीची गोष्ट वेगळी. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे एक बारीक दार. दोरा सुती असेल तर तो फुगून ते बंद करतो, नायलॉनचा दोरा फुगत नाही. कोरड्या शिवणीवर मेण घासून वरून कोमट इस्त्रीसारखं काहीतरी हलकेच फिरवलं की भोकं बुजतात. हे सुती कापडाला. रेक्झिनच्या हूडला इस्त्री लावाल तर हूडही जाईल आणि इस्त्रीही!

ठिगळ लावायचं तर त्याचे कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा आधी उचकटतो. जागा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायची, मग हूडवाल्याकडचं सोल्यूशन. पेट्रोलने पुसायचं नाही. आणि काही लोक सगळ्या फटींत सिलिकॉन भरून मोकळे होतात, ते मला अजिबात पटत नाही. का, ते आता सांगतो. इथेच तो दक्षिणद्वार येतो.

लांबच्या वाचकांसाठी : नृसिंहवाडीचं दत्तमंदिर कृष्णा-पंचगंगेच्या संगमाशी, घाटाला लागून आहे. पावसाळ्यात कृष्णा चढली की पाणी उत्तरेकडच्या दाराने आत येतं, श्रींच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडतं. त्यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसं येतात. तिथली माणसं पाण्याशी भांडत नाहीत. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात.

चांगली गाडी बनवणारेही पाण्याशी फार भांडत नाहीत. टप दुमडणारी गाडी, जिला कन्व्हर्टिबल म्हणतात, ती पूर्ण बंद डबा नसतेच. थोडं पाणी रबराच्या पलीकडे येणार हे धरूनच तिच्यात पन्हळी ठेवतात. दुमडलेला टप जिथे बसतो तिथे एक पन्हळ, तिच्यापासून खाली जाणाऱ्या नळ्या, आणि त्यांची तोंडं चाकांजवळ उघडी. आपल्याकडे २०२० साली आलेल्या नव्या थारच्या तळाला धुण्यासाठी बुचं आहेत, काढली की पाणी खाली. अशा नळीत औदुंबराचं एखादं पान, थोडी माती आणि मेलेला किडा अडकला की पन्हळ तुंबते, भरते आणि उलट्या बाजूने सीटखाली सांडते. मालक बिचारा टपाकडे बघत बसतो! सिलिकॉन भरणारा हेच दार बुजवतो. पाणी यायचं थांबत नाही, जायचं मात्र थांबतं.

तेव्हा दोस्ता, तुझ्या जीपच्या तळाची भोकं आणि बुचं शोध. जुन्या गाड्यांत ती बहुधा डांबराने, रंगाने किंवा चिखलाने बुजलेली सापडतात. मोकळी करायला अणकुचीदार तार नको, तिने नळी फाटते. लवचीक प्लॅस्टिकची दोरी चालेल. मग मगभर पाणी ओतून खाली येतं का बघ. मॅटच्या खाली साठून राहिलेलं पाणी पत्रा खातं. खोकी एका पावसात भिजतात, तळ दोन-तीन पावसाळ्यांत गंजून जातो आणि तो खर्च हूडपेक्षा मोठा असतो. हे वडिलांना जरूर वाच.

नवीन रबर येईपर्यंत आजच्या मालाचं काय? मघाचा दोरा आठव. पाइपवरची ओली रेघ सापडली असेल तर खोक्यांच्या अलीकडे, पाइपला जाड सुती दोऱ्याचे चार-पाच वेढे घट्ट मार आणि एक टोक खाली लोंबतं ठेवून रिकाम्या बाटलीत सोड. पाणी दोऱ्याला धरून बाटलीत उतरतं. शिवाय खोक्यांखाली लाकडी फळ्या घाल, म्हणजे तळावर आलेलं पाणी त्यांना शिवणार नाही.

आणखी दोन खुणा, इतर वाचकांसाठी. पाऊस नसतानाही एसीच्या गाडीत पायाखाली स्वच्छ पाणी साठलं, तर एसीची नळी तुंबली असेल. पण ते पाणी रंगीत, चिकट, गोडसर वासाचं असलं तर ते इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे. ते विषारी असतं. चाखायचं नाही, मांजरालाही चाटू द्यायचं नाही, आणि गाडी थेट गॅरेजला.

आणि पुराचं पाणी ही गळती नव्हे. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वर्षी शिरोळ तालुक्याने ते पाहिलंय. गाडी पुरात उभी राहिली असेल तर पाणी उतरल्यावर 'चालू होते का बघू' म्हणून किल्ली फिरवायची नाही. इंजिनात पाणी गेलेलं असलं तर ते दबत नाही, आतला दांडा वाकतो. मोठ्यांनी बॅटरीची वायर काढायची आणि गाडी ओढत गॅरेजला न्यायची.